जीभ बरी झाली, दांडी तशीच राहिली: जीभ टोचल्यानंतरच्या सव्वादोन वर्षांचं एक प्रकरण

रुग्ण मुलगी, वय २१, पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. तक्रार एकच. शेंगदाण्याची चिक्की किंवा भाजलेले चणे डाव्या बाजूने खाल्ले की खालच्या दाढेतून कळ जाते, आणि तीही चावताना नाही, चावलेलं सोडताना. दात किडलेले नाहीत, दोन वेळा घासते, तंबाखू नाही. जिभेतली दांडी, म्हणजे दोन्ही टोकांना गोळी असलेला धातूचा दागिना, तोंड उघडताच दिसली, पण तिने आपणहून तिचा उल्लेख केला नव्हता. दाढ आणि दांडी यांचा संबंध असेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हे प्रकरण कुण्या एका मुलीचं नाही. जीभ टोचलेल्या रुग्णांत दातांच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा जे दिसतं, ते इथे एका रुग्णात एकत्र गुंफलं आहे, म्हणजे कुठे काय चुकत गेलं ते क्रमाने पाहता येईल.

तपासणीत तीन गोष्टी दिसल्या. खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा जिभेकडचा एक उंचवटा टवका उडून तुटला होता आणि तिथून एक बारीक चीर आत गेली होती. चावा सोडताना येणारी कळ ही चिरलेल्या दाताची खूणच आहे: दाब पडला की चिरेचे दोन भाग किंचित फाकतात आणि दाब सुटला की परत मिटतात, त्या क्षणी दुखतं. दुसरी गोष्ट, खालच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांमागची हिरडी खाली सरकली होती, एका दातावर ३ मिलिमीटर, दुसऱ्यावर ४. पिवळसर मुळं उघडी पडली होती आणि त्यांवर कीटण चढलं होतं. आरशात समोरून पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे जिभेचं भोक: स्वच्छ, लाली नाही, पू नाही, दाबल्यावर दुखत नाही. अगदी छान बरं झालेलं.

मग दांडी काढून मोजली. जाडी १.६ मिलिमीटर, म्हणजे १४ गेज. गोळ्या ६ मिलिमीटरच्या. दांडीची लांबी २० मिलिमीटर. तिची जीभ त्या जागी १२ मिलिमीटर जाड. म्हणजे ८ मिलिमीटर दांडी सव्वादोन वर्षं तोंडात मोकळी फिरत होती. या प्रकरणाची सगळी गोम या ८ मिलिमीटरमध्ये आहे.

टोचलं त्या दिवशी

टोचणाऱ्याने बरंचसं काम बरोबर केलं होतं, हे आधी सांगायला हवं. जिभेच्या टोकापासून साधारण दीड ते दोन सेंटिमीटर मागे, बरोबर मध्यरेषेवर टोचलं होतं. मध्यरेषा धरायची ती दिसायला छान म्हणून नव्हे. जिभेच्या खालच्या बाजूला दोन्हीकडून मोठ्या शिरा, धमन्या आणि नसा पुढे येतात. त्यांच्या मधोमध तंतूंचा एक पडदा असतो आणि तिथे रक्तवाहिन्या सगळ्यात कमी. जीभ वर उचलून आरशात पाहिली तर दोन निळ्या शिरा दिसतात, त्यांच्या मधली जागा ती हीच. सुई अर्धा सेंटिमीटर बाजूला गेली तर ती शिरेत किंवा नसेजवळ जाऊ शकते. म्हणून आधी खालून बॅटरीचा उजेड टाकून शिरा पाहायच्या, वर आणि खाली खूण करायची, जीभ कोरड्या गॉजने पुसून चिमट्यात धरायची आणि मगच सुई घालायची. जिभेखालच्या बंधाच्या पुढेच सुई बाहेर यायला हवी. ज्यांचा बंध आखूड आहे, जीभ ओठाबाहेर नीट येत नाही, त्यांची जीभ उभी टोचण्यासारखी नसते. चांगला टोचणारा त्यांना सरळ नाही म्हणतो.

सुई पोकळ आणि एकदाच वापरायची, तिच्यासमोर पाकीट फोडून काढलेली होती. चिमटा मात्र कोणत्या पद्धतीने निर्जंतुक केला ते तिने विचारलं नाही. उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेलं अवजार निर्जंतुक होत नाही. त्याला ऑटोक्लेव्ह लागतो, १२१ अंश सेल्सिअसला दाबाच्या वाफेत किमान १५ मिनिटं. पाकिटावरची पट्टी रंग बदलते, ती दाखवा म्हणायला लाजायचं कारण नाही. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोका रक्त लागलेल्या अवजारातून येतो. त्यापैकी फक्त कावीळ ब ला लस आहे, आणि तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. टोचायचं आठवड्याभरात ठरवलं असेल तर ती वेळ निघून गेलेली असते. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र दहा वर्षांत घेतलं नसेल तर घेऊन टाकावं. शिवाय टोचल्यानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

तिला जे प्रश्न विचारले गेले नाहीत, त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा हृदयाचा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हृदयाच्या झडपेचा आजार आहे का, झडप बदलली आहे का? आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली तरुण माणसं आजही भेटतात. तोंडातले जंतू जखमेतून रक्तात गेले की अशा झडपेवर घर करतात. जीभ टोचल्यानंतर हृदयाच्या अस्तराला जंतुसंसर्ग झाल्याच्या, इतकंच काय मेंदूत गळू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. संख्या थोडी आहे, पण ज्याच्या हृदयात आधीच दोष आहे त्याने हे करूच नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काबूत नसलेला मधुमेह, गरोदरपण, निकेलची ॲलर्जी यांतलं काही असेल तरी आधी डॉक्टरांशी बोलावं. निकेलचा मुद्दा धातूशी येऊन भिडतो. नेहमीच्या ३१६ एल स्टीलमध्ये निकेल असतं. खोट्या दागिन्याने कानाला खाज सुटत असेल तर शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियमच मागावं.

दांडी २० मिलिमीटरची घातली, तेही बरोबरच होतं. पहिल्या आठवड्यात जीभ सुजते, तिला जागा लागते. आखूड दांडी घातली तर गोळी सुजलेल्या मांसात रुतते आणि वर कातडी चढू लागते, मग ती कापून काढावी लागते.

तिसरी रात्र ते सहावा दिवस

सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि आठवड्याभरात ओसरते. तिची तिसऱ्या रात्री इतकी वाढली की मोकळे आठ मिलिमीटर भरून गेले. ‘ळ’ म्हणायला जीभ मागे वळवावी लागते, तो तिला म्हणताच येईना. घरी फोनवर ‘वेळ नाही’ म्हणताना आईने विचारलं, “दात दुखतोय का गं?” तिने हो म्हणून टाकलं.

इथून तिने ज्या चुका केल्या, त्या काळजीपोटीच केल्या. दांडीवर पांढरट पिवळी चिकट लस जमलेली दिसली, तिला वाटलं पू झाला. ती लस असते, जखम भरताना ती येतेच. पू घट्ट, हिरवट पिवळा, वासाचा असतो आणि त्याच्याबरोबर वाढती लाली, ठणका, गरमपणा असतो. तिने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय तीन अँटिबायोटिक गोळ्या आणल्या, दोन घेतल्या. त्यांची गरज नव्हती, आणि असती तर दोन गोळ्यांनी काही झालं नसतं.

मग मीठ. पेलाभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून दिवसातून दहा वेळा. वर अल्कोहोलवालं माउथवॉश, आणि मैत्रिणीने दिलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. पाचव्या दिवशी जिभेच्या कडा आणि गालाच्या आतली बाजू पांढरी पडून सोलवटली. जखम दांडीभोवती होती. हे नवीन भाजणं तिने स्वतः आणलं होतं.

प्रमाण असं आहे: २५० मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव छोटा चमचा मीठ. चहाचा चमचा, तोही सपाट. लक्षात घ्या, आपला चहाचा कप २५० मिलिलिटरचा नसतो, पाण्याचा मोठा पेला मोजावा. सैंधव किंवा जाडं मीठ नको, खडे लवकर विरघळत नाहीत. मेडिकलमध्ये ०.९ टक्के सलाइनची बाटली मिळते, ती सगळ्यात सोपी. फोडल्यावर झाकून ठेवून दिवसभरात संपवावी. जेवणानंतर आणि झोपण्याआधी, दिवसाला चार-पाच वेळा, प्रत्येकी अर्धा ते एक मिनिट. गुळण्या नव्हेत. गुळणी घशासाठी असते. इथे तोंडात पाणी हलकेच फिरवून चूळ टाकायची. क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक माउथवॉश चांगलं आहे म्हणून महिनाभर वापरणारेही भेटतात. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. डॉक्टरांनी दिलं तर तेवढ्या दिवसांपुरतंच.

आणखी एक सवय कानावरून आलेली. सोनाराने कान टोचल्यावर तार रोज खोबरेल तेल लावून फिरवायची, हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. जिभेतली दांडी फिरवायची नाही. फिरवली की नुकताच धरू लागलेला आतला पापुद्रा दरवेळी फाटतो, आणि बोटांवरचे जंतू आत जातात. हळद, तुरटी, लवंगेचं तेल, यांतलं काहीही भोकाला लावायचं नाही. लवंगेचं तेल तर उघड्या जखमेला भाजतं.

जेवणाचं तिने चौथ्या दिवसानंतर बरोबर जमवलं: गार केलेली मऊ खिचडी, ताक, रव्याची खीर, कुस्करलेलं केळं, आणि घास छोटा, दाढेच्या बाजूने. चटणी, ठेचा, लोणचं, लिंबू, गरम चहा दोन आठवडे बंद. बर्फाचे छोटे तुकडे तोंडात विरघळू द्यायचे, सुजेला याच्याइतकं सोपं औषध नाही. दातांचा ब्रश नवा आणि मऊ घ्यावा. सिगारेट, गुटखा, दारू नको. चुंबन आणि मुखसंभोगही जखम भरेपर्यंत नको, दुसऱ्याच्या तोंडातले जंतू उघड्या जखमेत जातात. वेदनेला पॅरासिटामॉल पुरतं. सूज जास्त असेल तर जेवल्यावर आयब्युप्रोफेन घेता येतं, पण ॲस्पिरिन नको, रक्त वाहू लागतं. पावसाळ्यात जीभ टोचली आणि अंगात ताप भरला, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेनसुद्धा घेऊ नये.

तिची सूज सातव्या दिवशी उतरली. पण या दिवसांत कोणती सूज साधी नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सूज जिभेत असते तोवर ठीक. ती जिभेखालच्या मऊ तळात उतरली, तो तळ फळीसारखा कडक झाला, जीभ वर उचलली जाऊन टाळूला टेकू लागली, हनुवटीखाली गळा फुगला, थुंकी गिळता येईना, तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा आणि दबका झाला, ताप चढला, तर तो लुडविग अँजायना असू शकतो. तोंडाच्या तळातला हा संसर्ग काही तासांत श्वासनलिका दाबू शकतो. जीभ टोचल्यानंतर तो झाल्याची नोंद १९९७ मध्ये ब्रिटनच्या दंतवैद्यकीय नियतकालिकात आली आहे. यात सकाळची वाट पाहायची नसते. आडवं न होता बसून राहायचं, १०८ ला फोन करायचा, ज्या रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय आहे तिथेच जायचं. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ गॉज वर आणि खाली धरून दहा ते पंधरा मिनिटं न सोडता दाबायचं. तरी वाहत असेल तर रुग्णालय.

आणि साधा संसर्ग वाटला तरी दांडी स्वतःच्या हाताने काढू नये. नवं भोक काही तासांत मिटू लागतं, पू आत कोंडतो आणि गळू होतं. काढायची की नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतील.

तिसरा आठवडा, जेव्हा ती गेली नाही

जिभेला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती कानापेक्षा लवकर भरते. वरवरचं भरणं चार ते आठ आठवड्यांत होतं. पण सूज उतरली की, म्हणजे साधारण दोन ते चार आठवड्यांत, लांब दांडीचं काम संपतं. तेव्हा परत जाऊन ती बदलून घ्यायची असते. तिच्या जिभेला १४ मिलिमीटर पुरली असती. टोचणाऱ्याने “महिन्याने ये” एवढंच सांगितलं होतं. कशासाठी ते सांगितलं नाही. तिची परीक्षा आली. जीभ दुखत नव्हती, पोळी-भाजी खाता येत होती, ‘ळ’ परत आला होता. दुखत नाही तर दाखवायचं कशाला?

दुखत नाही, नेमकं म्हणूनच दाखवायचं होतं. तीन आठवड्यांपर्यंत दांडी जिभेला त्रास देते. नंतर त्रास होतो तो दातांना आणि हिरड्यांना, आणि त्यांना वर्षभर काही जाणवतच नाही.

टोचलेल्या जिभेबद्दल विचार करताना लोक भोकाचा विचार करतात, याला कारण आहे. आपल्याकडे टोचणं म्हणजे कान आणि नाक. तिथे भोक भरलं की प्रश्न संपतो, कारण कानाच्या पाळीसमोर दात नसतो. तमिळ लोकांच्या थाईपुसमच्या उत्सवात मुरुगनाचे, म्हणजे कार्तिकेयाचे, भक्त जिभेतून त्याचा छोटा भाला (वेल) आरपार घालतात. तो त्याच दिवशी निघतो आणि उरते ती फक्त जखम, भरून येणारी. दागिना मात्र वर्षानुवर्षं तोंडात राहतो. दिवसभर बोलताना, गिळताना, चावताना जीभ हलते, आणि प्रत्येक वेळी धातूची गोळी कुठेतरी आपटते किंवा घासते.

तिची खालची गोळी विसावायची ती बरोबर पटाशीच्या दातांमागच्या हिरडीवर. त्या जागेची हिरडी आणि खालचं हाड मुळातच पातळ. गोळी रोज घासत राहिली की हिरडी माघार घेते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जीभ टोचलेल्या ५२ प्रौढांना तपासलं होतं: १.५९ सेंटिमीटरपेक्षा लांब दांडी दोन किंवा जास्त वर्षं घातलेल्यांपैकी निम्म्यांची जिभेकडची हिरडी खाली गेली होती, आणि चार किंवा जास्त वर्षं जीभ टोचलेल्यांपैकी ४७ टक्क्यांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडाले होते. तिची दांडी २ सेंटिमीटरची, वर्षं दोनहून जास्त.

टवक्याला मात्र तिची एक सवय कारणीभूत होती. अभ्यास करताना ती वरची गोळी दाढांमध्ये धरून चावायची. तपासणीच्या खुर्चीत बसूनही तिने दोनदा तसं केलं आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही. खटकन असा बारीक आवाज आला. मोकळी दांडी असली की जीभ तिच्याशी खेळणारच, सहा मिलिमीटर मोकळीक कमी केली तर गोळी दाढेपर्यंत नेणं अवघड होतं. काहीजण गोळी पुढच्या दोन दातांच्या मध्ये ढकलत राहतात आणि काही वर्षांत तिथे फट पडते. अमेरिकेत बफेलोच्या दंतवैद्यांनी २०१० मध्ये असं एक प्रकरण मांडलं होतं.

काढलेली दांडी खालच्या बाजूने पाहिली तर गोळीच्या तळाशी कीटणाचा पिवळा, खरखरीत थर होता आणि मळसूत्राच्या खाचेत पांढरा मळ. दात घासताना दांडीही मऊ ब्रशने पुसायची असते, हे तिला माहीत नव्हतं. कीटण चढलेली गोळी ही कानशीसारखी घासते. प्लास्टिकच्या दांड्या आणि गोळ्यांवर स्टीलपेक्षा कमी जंतू बसतात आणि दाताला मार कमी लागतो, पण गोळीचं मळसूत्र लवकर झिजतं आणि गोळी सुटते. रोज हात धुऊन गोळी घट्ट आहे का पाहावं. गिळली गेली तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते. पण खोकल्याची उबळ आली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर ती श्वासनलिकेत आहे असं समजून लगेच रुग्णालय गाठावं.

उपचार आणि पुढचे सहा महिने

दाढेची चीर दाताच्या आतल्या नसेला पोचली नव्हती, थंडगार पाण्याची कळ लगेच थांबत होती. टवका दातासारख्या रंगाच्या सिमेंटने भरला आणि ती दाढ टोपीखाली झाकायची ठरलं, म्हणजे चीर आणखी फाकणार नाही. नसेला इजा झाली असती तर रूट कॅनालही करावं लागलं असतं. दातांची सफाई केली, उघड्या मुळांसाठी संवेदनशील दातांची पेस्ट दिली. हिरडी मात्र परत वर चढत नाही, हे तिला समजावून सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती खाली जाणं थांबवता येतं. ४ मिलिमीटरच्या दातावर पुढे गरज पडली तर तोंडातल्या टाळूच्या मांसाची पातळ चकती काढून तिथे शिवतात.

दांडीसाठी दोन पर्याय ठेवले. एक, १४ मिलिमीटरची दांडी, लहान गोळ्या, रात्री काढून ठेवायची, खेळायची सवय सोडायची आणि दर सहा महिन्यांनी हिरडी मोजून घ्यायची. दुसरा, कायमची काढून टाकायची. आधीच हिरडी गेलेली असताना तिला काढून टाकण्याचाच पर्याय सुचवला, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनचा तर तोंडातल्या टोचण्यालाच विरोध आहे. ती आठवडाभर विचार करून आली आणि दांडी काढून टाकली.

भोकाची वरची तोंडं थोड्या दिवसांत आक्रसली. जिभेवर आता एक बारीक खळगी आहे, त्यात अन्न अडकत नाही. चिक्कीची कळ गेली. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी हिरडी मोजली: ३ आणि ४ मिलिमीटर, जिथे होती तिथेच. पुढची मोजणी सहा महिन्यांनी आहे, आणि आता ती आईला बरोबर घेऊन येते.